आमच्या नावाने उभे राहणाऱ्या वकिलांना जाब विचारू या

गिरगाव, दादर, परळ, लालबाग, काळाचौकी, वडाळा इथल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

महिन्यातला अर्धा दिवस मला तुमच्याकडून हवा आहे. वर्गणी नको, मोर्चाला गर्दी नको. जवळच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जायचं, मागच्या बाकावर बसायचं, पोलीस कोठडीतून आणलेल्या माणसाकडे नीट बघायचं आणि त्याच्याविरुद्ध बोलायला उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलाकडेही बघायचं. जे दिसेल ते तारीख घालून वहीत उतरवायचं. एवढ्याशा कामासाठी एवढं लांब पत्र का लिहिते आहे, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी सकाळी सकाळी कडी वाजवली. मुलाला मोबाइल चोरीच्या संशयावरून उचलून नेल्याला दोन दिवस झाले होते. "बाई, तुम्ही शाळेत शिकवलंय, तुम्हाला बोलता येतं. कोर्टात माझ्यासोबत चला." मी गेले. दुपारनंतर त्याचं नाव पुकारलं. पोरगा अनवाणी होता. चपला एका हवालदाराच्या हातात होत्या, कारण तळवे इतके सुजले होते की चपला आत जात नव्हत्या. तो टाचा टेकतच नव्हता, कठड्याला धरून लोंबकळल्यासारखा उभा होता. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, पोलिसांबद्दल काही तक्रार? त्याने मान वळवून मागे बघितलं आणि म्हणाला, नाही साहेब. त्याच्यापासून दोन हातांवर सरकारी वकील बसले होते. त्यांनी वर बघितलं, त्या पायांकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि चार दिवसांची कोठडी मागितली. मिळाली.

वकिलांनी ते पाय बघितले हे मी बघितलं. मी उठले नाही, बोलले नाही. त्याच्या आईने माझा हात धरला होता आणि मी पस्तीस वर्षं मुलांना "खरं बोला" म्हणून शिकवलेली बाई गप्प बसले. पुढे पोरगा सुटला, त्याच्याकडे काहीच सापडलं नव्हतं. पंधरा दिवस आईने त्याचे पाय मिठाच्या गरम पाण्यात बुडवून शेकले. ज्याने मारलं त्याच्याबद्दल चाळीत पुष्कळ बोललं गेलं. ज्याने बघून न बघितल्यासारखं केलं त्याच्याबद्दल कोणीच बोललं नाही. मीसुद्धा नाही.

त्या माणसाबद्दल मला आज बोलायचं आहे. पट्टा पोलिसाच्या हातात असतो, पण त्या पट्ट्याला दुसऱ्या दिवशी कोर्टात प्रतिष्ठा मिळवून देतो तो वकील. तो उभा राहून "तपास बाकी आहे, कोठडी वाढवून मिळावी" म्हणतो. तो छळाने काढलेला जबाब पुरावा म्हणून वाचून दाखवतो. कोठडीत माणूस मेला तर गुन्हाच दाखल होऊ नये म्हणून तो वरच्या कोर्टात युक्तिवाद करतो. आणि हे सगळं तो आपल्या नावाने आणि आपल्या पैशाने करतो.

लालबागच्या पुलावरून खाली उतरलं की काळाचौकी, पलीकडे भोईवाडा. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या रात्री पावसात रुळांवरून चालत घर गाठलं, कितीतरी जण इस्पितळांबाहेरच्या याद्यांत नावं शोधत फिरले. मग दहशतवादविरोधी पथकाने माणसं पकडली. त्यांना जिथे ठेवलं आणि जिथे त्यांच्या सांगण्यानुसार मारलं, त्या जागांमध्ये काळाचौकी आणि भोईवाडा ही आपली नावं आहेत. आपण रोज बाजारात जातो त्या रस्त्यावरची.

त्यांच्यावर मोक्का लागला, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा आपल्या महाराष्ट्राचा कायदा. एरवी पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. इंग्रजांनीसुद्धा तो नियम केला, कारण पोलीस जबाब कसे घेतात हे त्यांना ठाऊक होतं. मोक्काच्या १८ व्या कलमाने ती भिंत पाडली आणि अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब चालेल असं ठरवलं. रेल्वे स्फोटांच्या खटल्यात असे अकरा जबाब आले. २०१५ मध्ये खालच्या कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक तेवढे निर्दोष सुटले, तेही नऊ वर्षं तुरुंगात काढून. कोठडीत काय काय झालं ते त्यांनी 'बेगुनाह कैदी' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बारा जणांनाही निर्दोष सोडलं. त्यातला एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला होता, त्याला हा निकाल ऐकायला मिळाला नाही. जबाबांमधले भाग एकमेकांशी शब्दशः जुळतात असं न्यायमूर्तींना आढळलं. छळाच्या तक्रारींना केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या वैद्यकीय नोंदींचा आधार मिळतो, असंही त्यांनी म्हटलं. केईएम! म्हणजे परळच्या आपल्या हक्काच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये जे दिसलं ते लिहून ठेवलं होतं. ते कागद जवळजवळ एकोणीस वर्षं सरकारी वकिलांच्याही समोर होते. तिकडे राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, आणि २४ जुलै २०२५ ला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं आहे. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडलेलं नाही. अंतिम शब्द अजून यायचा आहे, हे मी मान्य करून बोलते आहे.

पण ज्यांचा भाऊ, नवरा, मुलगी त्या लोकलमध्ये गेली, त्यांच्या घरी जाऊन बसा. छळाने पुरावा मिळतो असं सांगणाऱ्यांना मी त्या घरात न्यायला तयार आहे. एकोणीस वर्षांनी त्यांच्या हातात काय आहे? खरे गुन्हेगार कोण, हे आज तिथे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जबाब एकमेकांशी शब्दशः जुळतात हे उच्च न्यायालयाला दिसलं, तर ते पहिल्यांदा वाचणाऱ्या सरकारी वकिलाला दिसायला हवं होतं. तेव्हाच त्याने पोलिसांना "हे मी कोर्टात वाचणार नाही, नीट तपास करून या" असं सांगितलं असतं, तर तपास खऱ्या वाटेला लागण्याची संधी तरी होती.

असं म्हणण्याचा अधिकार त्याला असतो का? असतो. अधिकार नव्हे, ते त्याचं कर्तव्यच आहे. मराठीत आपण "सरकारी वकील" म्हणतो आणि त्या एका शब्दाने गल्लत होते. इंग्रजीत त्या पदाला पब्लिक प्रॉसिक्यूटर म्हणतात, म्हणजे लोकांचा वकील. तो शब्द आपल्या तोंडी आला तेव्हा लोक गेले आणि सरकार आलं. बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की फिर्यादी पक्षाच्या वकिलाने खटला असा चालवावा की निरपराध माणसाला शिक्षा होणार नाही, आणि आरोपीचं निरपराधित्व दाखवणारा पुरावा त्याने दडवू नये. तो पोलिसांचा वकील नाही. १९९५ पर्यंत आपल्या राज्यात मॅजिस्ट्रेट कोर्टातले सरकारी वकील खरोखरच पोलीस खात्याच्या हाताखाली होते. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना पोलिसांपासून वेगळं काढा. वेगळं काढलं, पण कुठे नेऊन ठेवलं? अभियोग संचालनालय गृह खात्याच्या नियंत्रणाखाली, आणि पोलीसही गृह खात्याखालीच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तेच कायम आहे. एकाच घरातले दोन भाऊ, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने कोर्टात सांगायचं की आमच्या घरात कोणी कोणाला मारत नाही.

आणि एखाद्या सरकारी वकिलाने खरंच कर्तव्य केलं तर काय होतं? हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

२ डिसेंबर २००२ ला घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात परभणीच्या ख्वाजा युनूस या २७ वर्षांच्या इंजिनिअरला पकडलं. जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यानंतर तो कोणाला दिसला नाही. पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळाला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या डॉ. अब्दुल मतीन यांनी सांगितलं की त्याला पट्ट्याने छातीपोटावर मारलं आणि तो रक्त ओकला. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. ज्या स्फोटासाठी हे सगळं झालं, त्या खटल्यातले आरोपी पुढे निर्दोष सुटले.

त्याची आई, आसिया बेगम, परभणीहून मुंबईच्या हायकोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. सीआयडीच्या तपासात चौदा पोलिसांची नावं आली. खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, आणि सरकारने चौदांपैकी चौघांपुरती मंजुरी दिली. दहा नावं मंत्रालयातल्या कुठल्या टेबलावर, कोणाच्या कायदेशीर अभिप्रायाने गळली, हे त्या आईला कधी कळलं का? २०१२ मध्ये हायकोर्टाने वीस लाखांची भरपाई ठरवली, उरलेल्या दहा जणांवर खटला चालवायला मात्र नकार दिला. शेवटी पंधरा वर्षांनी, २०१८ मध्ये, साक्षी सुरू झाल्या. डॉ. मतीन साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी आणखी चार पोलिसांची नावं घेतली. विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी कायद्याने जे करायचं तेच केलं. या चौघांनाही आरोपी करा, असा अर्ज दिला.

एप्रिल २०१८ मध्ये सरकारने मिरजकरांची नेमणूक रद्द केली.

शेजाऱ्यांनो, इथे जरा थांबा. कोठडीतल्या मृत्यूच्या खटल्यात सरकारी वकिलाने आरोपी पोलिसांची संख्या वाढवायला सांगितली आणि वकीलच बदलला गेला. खटला मग वर्षानुवर्षं रखडला. आरोपी पोलिसांपैकी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले होते, ते जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. पण मिरजकरांना का काढलं, म्हणून मुंबईत किती माणसं रस्त्यावर आली? किती मंडळांनी, किती वाचनालयांनी एक साधं पत्र धाडलं? भल्या वकिलाच्या मागे आपण उभे राहिलो नाही, तर उद्याचा तरुण सरकारी वकील त्यातून काय धडा घेईल? तो सुजलेल्या पायांकडे बघेल आणि मान खाली घालेल.

बावीस वर्षांनी पुन्हा परभणी. ६ डिसेंबर २०२४ ला चैत्यभूमीवर दरवर्षीसारखा जनसागर लोटला. नंतर चारच दिवसांनी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, दगडफेक झाली, धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा वडार समाजाचा तरुण पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण नोंदलं गेलं. विधानसभेत मात्र सांगण्यात आलं की मारहाण झालेली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. आई विजयाबाईंनी मदतीचा धनादेश घ्यायला नकार दिला आणि न्याय मागितला. परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला, तो नाशिकपर्यंत आला.

४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं, गुन्हा नोंदवा. शिक्षा द्या असं नव्हे. नुसता गुन्हा नोंदवा, जो आपलं पाकीट मारलं तरी नोंदवला जातो. आणि राज्य सरकारने काय केलं? वकील उभे करून दिल्ली गाठली, तो आदेश रद्द व्हावा म्हणून. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आपल्या करातून त्या सुनावणीचा खर्च गेला. तुम्ही दादरला फूल वाहायला रांगेत सहा-सहा तास उभे राहता. संविधानासाठी रस्त्यावर उतरलेल्या पोराच्या मृत्यूचा साधा एफआयआर होऊ नये म्हणून तुमच्याच नावाने दिल्लीत वकील उभा राहिला. कोणाच्या सल्ल्याने? ती फाइल कोणी तयार केली? "महाराष्ट्र शासनातर्फे" या शब्दांमागे एक हाडामासाचा माणूस असतो, त्याला नाव असतं, त्याची नेमणूक होते आणि नेमणुकीचा आदेश निघतो.

वडाळ्याचं प्रकरण तर आपल्या दाराशीच आहे. एप्रिल २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांनी ॲग्नेलो वाल्दारिस या पंचविशीतल्या तरुणाला साखळीचोरीच्या संशयावरून उचललं. त्याच्यासोबत एक अल्पवयीन मुलगाही होता. काही दिवसांत ॲग्नेलो मेला. पळताना लोकलखाली आला, हे पोलिसांचं म्हणणं. वडील लेनर्ड यांनी ते मानलं नाही. त्यांच्या याचिकेमुळेच हायकोर्टाने पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवा असे आदेश दिले आणि तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयच्या आरोपपत्रात मात्र खुनाचं कलम नव्हतं. त्यासाठी डिसेंबर २०१९ उजाडावा लागला, आणि तेही हायकोर्टाने सांगितल्यावर. मेलेल्या मुलाच्या बापाला पाच वर्षं भांडून जे मिळवावं लागलं, ते काम मुळात कोणाचं होतं?

आता मला माहीत आहे तुमच्यातले काही जण काय म्हणतील. आमच्या चाळीतही म्हणतात. चोराला चार फटके नको का? मी यावर वाद घालत बसत नाही. फक्त विचारते, तो चोर आहे हे ठरवलं कोणी? त्या अनवाणी पोराचं ठरलं नव्हतं, ॲग्नेलोचं ठरलं नव्हतं, युनूसला ज्या स्फोटासाठी पकडलं त्या खटल्यातले आरोपी निर्दोष निघाले. आणि ज्याचं ठरलं आहे, त्यालाही शिक्षा कायद्यात लिहिलेलीच होते. जबाब काढण्यासाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या १२० व्या कलमात. गंभीर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे त्याला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो वकील मित्रांकडून येतो. वकील अशिलाचं म्हणणं मांडतो, त्यात त्याचा काय दोष? आरोपी पोलिसाचा स्वतःचा वकील जरूर लढो, जीव तोडून लढो. बचावाचा हक्क त्यालाही आहे आणि तो मी हिरावून घेऊ देणार नाही. पण सरकारी वकिलाचं अशील पोलीस नव्हे. १९७५-७६ आठवा. आणीबाणीत ॲटर्नी जनरल निरेन डे सर्वोच्च न्यायालयात उभे होते. न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारलं, उद्या एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर? डे यांनी सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत त्यावर कोर्टात दाद नाही. चार न्यायमूर्तींनी हे मानलं, त्यांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. खन्ना एकटे विरोधात राहिले. आणीबाणी लागली तेव्हाच मुंबईच्या फली नरिमन यांनी अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपद सोडलं होतं. सरकार तेच, कायदाही तोच. एकाने तोंड उघडलं आणि एक बाहेर पडला. तेव्हा "वकिलाला पर्यायच नसतो" हे मला सांगू नका.

बाहेरच्या देशांतही हेच घडलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये एक अख्खा खटला फक्त न्यायाधीश आणि न्याय खात्यातल्या कायदेपंडितांवर चालला, १९४७ मध्ये. सोळा आरोपी, दहा दोषी. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कोणाला हातही लावला नव्हता, नुसते कागद केले होते. उलट अमेरिकेत ऑगस्ट २००२ मध्ये न्याय खात्यातल्या वकिलांनी लिहून दिलं की एखादा अवयव निकामी होण्याइतकी वेदना होत नसेल तर तो छळच नव्हे. त्या कागदाच्या जोरावर माणसांच्या नाकातोंडात पाणी ओतलं गेलं. लिहिणारा जॉन यू बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक राहिला, सही करणारा जे बायबी न्यायाधीश झाला. खात्याच्या चौकशीत त्यांचं वर्तन व्यावसायिक गैरवर्तन ठरलं होतं, २०१० मध्ये एका वरिष्ठाने तो निष्कर्ष फिरवला. पण बर्कलीतले रहिवासी आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं निषेध करायला यूच्या वर्गाबाहेर उभे राहिले. सत्तेने सोडलं तरी गावाने सोडलं नाही.

गावाने काय होतं, असं कोणी म्हणेल. महाराष्ट्रात झालं आहे. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी, त्यात वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते, सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं. ते पत्र मुंबईत हातोहात फिरलं, १९८० मध्ये बायका घराबाहेर पडल्या, संघटना उभी राहिली, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सुरुवात एका पत्राने झाली होती.

आता घाई का, ते ऐका. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच संपायचे. आता ते पंधरा दिवस गुन्ह्यानुसार चाळीस किंवा साठ दिवसांमध्ये तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा लॉकअपमध्ये आणता येतो. प्रत्येक तुकड्यासाठी एक सरकारी वकील उभा राहून मागणी करणार आहे. त्या प्रत्येक वेळी त्याने अंगावरच्या खुणा बघितल्या की नाही, हे बघणारं कोणी कोर्टात असायला हवं. सीसीटीव्हीचं चित्रण सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या निकालात दीड वर्ष जपायला सांगितलं आहे, निदान एक वर्ष तरी. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारही वर्षाच्या आतच करावी लागते. आज गेलेला दिवस परत येत नाही. आणि आपला देश? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, अजून त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेत विधेयक मंजूर झालं आणि पुढे ते विरून गेलं. वरून कायदा येईल म्हणून वाट बघायची तर आपली नातवंडं म्हातारी होतील.

म्हणून मी म्हणते, कोर्टात या. कोर्ट उघडं असतं, कायद्याने असतं, आत बसायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. मोबाइल बंद ठेवायचा, फोटो घ्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. आरोपी लंगडतो आहे का, हात वर करता येतो का, वैद्यकीय तपासणीचा कागद सरकारी वकिलाने कोर्टाला दाखवला का, कोठडी मागताना कारण काय दिलं, एवढंच लिहायचं. आरोपीचं नाव बाहेर सांगायचं नाही, ती त्याची अब्रू आहे. वकिलाचं नाव लिहायचं, कारण तो तिथे आपल्या वतीने उभा आहे. आणि ज्याने स्वतःहून "साहेब, याला डॉक्टरकडे पाठवा" म्हटलं, त्याचं नाव आधी लिहायचं, ठळक. अशा वकिलाच्या हातात एक पोस्टकार्ड गेलं की लालबागच्या लोकांनी तुमचं काम बघितलं आहे, तर त्याची ताकद मी तुम्हाला सांगायला नको.

घरातला माणूस पकडला गेला तर शेजारणीला एवढं तरी माहीत असू द्या. अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी लागते, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, तपासणीच्या अहवालाची प्रत मागता येते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ मध्येच ठरवून दिल्या आहेत. चाळीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा लिहितो, त्याच्या खाली हेही लिहा.

आमच्यातले काही निवृत्त कारकून आहेत, त्यांना अर्ज लिहायची सवय आहे. त्यांनी माहिती अधिकार हातात घ्यावा. दहा रुपयांचं तिकीट, दीडशे शब्द, एका अर्जात एकच विषय. विधी व न्याय खात्याला विचारा, कोठडी मृत्यूच्या कोणत्या खटल्यांत विशेष सरकारी वकील नेमले आणि किती काढले, आदेशाची प्रत द्या. गृह खात्याला विचारा, पोलिसांवर खटला भरायला मंजुरी किती प्रकरणांत मागितली आणि किती नाकारली. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात, तेव्हा तारखाही विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील करा, मग पुन्हा अपील करा. हे काम कंटाळवाणं आहे. आपल्याकडे तेच कोणी करत नाही, म्हणून फायली निवांत झोपतात.

वकिली कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. पण हे हत्यार जपून वापरायचं. तिऱ्हाइताच्या तक्रारीला तिथे सहसा दाद मिळत नाही, आणि रागाच्या भरात केलेली तक्रार खऱ्या तक्रारीचंही वजन घालवते. ज्यांच्या घरात घडलं त्यांनी पुढे व्हावं, कागद गोळा करायला, टायपिंगला, फोर्टपर्यंत सोबतीला आपण जावं. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने केला तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही, हे नवं संरक्षण अनेक घरांना माहीतच नाही. पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकीलही देता येतो.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही लाखो माणसांच्या रांगा लावता, रक्तदान करता, देखाव्यांतून समाजाचे प्रश्न मांडता. तुमच्या कार्यालयात महिन्यातून एक संध्याकाळ आम्हाला एक टेबल द्या. गिरगावातल्या, दादरच्या वाचनालयांनी एक सतरंजी द्यावी. परळच्या इस्पितळांतल्या डॉक्टरांनो, तुमच्या आधीच्या पिढीने २००६ मध्ये लिहिलेल्या चार ओळी एकोणीस वर्षांनी बोलल्या, तेव्हा पोलीस शेजारी उभा असला तरी जखम जशी दिसते तशी लिहा. विधी महाविद्यालयांतल्या मुलांनो, तुमच्यातले काही उद्याचे सरकारी वकील आहात. सोमनाथही कायदाच शिकत होता.

आणि आमदार मत मागायला दारात आले की रस्ता, पाणी यांच्यानंतर तिसरा प्रश्न हा विचारा: कोठडीतल्या मृत्यूच्या खटल्यात सरकारी वकील नेमताना मृताच्या घरच्यांना विचाराल का, आणि त्याला काढाल तर कारण लेखी द्याल का?

मी स्वतः येत्या आठवड्यापासून दर बुधवारी जाणार आहे. कोर्ट अकराला बसतं, पण कोठडीतली माणसं बहुतेकदा दुपारच्या सुट्टीनंतर आणतात, म्हणून मी अडीचला आत जाऊन बसेन. मागून दुसरा बाक, भिंतीकडची जागा. वय झालंय, एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे शेजारी कोणीतरी असलेलं बरं. एक वही आणि दोन पेनं आणा, एक बंद पडतं.